अडकलेली बॅटरी आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व

गेल्या काही वर्षांत, खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांविषयी तरुण पिढीच्या मनात पुन्हा ओढ निर्माण झाली असून, कालबाह्य समजून घरोघरच्या कपाटांत, ट्रंकांत आणि माळ्यांवर ठेवून दिलेले हे कॅमेरे एकेक करून उजेडात येऊ लागले आहेत. ज्या कॅमेऱ्याने आईवडिलांच्या पहिल्या प्रवासाची, स्वतःच्या बारशाची आणि आज हयात नसलेल्या आजीची छायाचित्रे टिपली, तो हाती घ्यावा, तळाचे झाकण उघडून आतील बॅटरी काढावी आणि ती चार्ज करून पाहावी, एवढीच त्या मुलामुलींची अपेक्षा असते. परंतु झाकण उघडून खटका सरकवला तरी बॅटरी जागची हलत नाही, कॅमेरा उलटा धरून झटकला तरी ती बाहेर येत नाही, आणि दिव्याखाली धरून बारकाईने न्याहाळले असता तिचा चपटा पृष्ठभाग फुगून कप्प्याच्या भिंतींना घट्ट भिडलेला आढळतो. अशा वेळी घरातील कोणी सुरीचे टोक घेऊन येतो, कोणी स्क्रूड्रायव्हर, तर कोणी पक्कड. आणि अनर्थाला खरा प्रारंभ होतो तो या क्षणी.

बॅटरी अडकणे ही वृत्तपत्राच्या रकान्यात चर्चा करण्याजोगी बाब आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. माझ्या मते ती निश्चितपणे आहे. कारण त्या क्षणी एक सामान्य गृहस्थ, त्याचा काहीही अपराध नसताना, एका ज्वालाग्राही वस्तूसमोर सर्वस्वी एकटा उभा असतो. निर्मात्याने त्या नमुन्याची सेवा केव्हाच बंद केलेली असते, दुकानदार वस्तू जुनी म्हणून हात झटकतो, आणि नगरपालिकेच्या कचरागाडीत ती टाकावी तर तेथेही तिच्यासाठी स्वतंत्र तजवीज नसते. जी वस्तू आपण रोख मूल्य देऊन विकत घेतली तिच्यातील झिजणारा भाग आपल्याला आपल्या हाताने, इजा न होता, बाहेर काढता यावा ही मागणी मालकीहक्कातच अंतर्भूत आहे, अशी माझी धारणा आहे. आणि हा हक्क राखला जाईल अशी रचना करण्याचे उत्तरदायित्व वस्तू घडवणाऱ्यावर आहे, विकत घेणाऱ्याच्या हस्तकौशल्यावर नव्हे.

डिजिटल कॅमेरा आणि बॅटरी यांचे नाते आरंभापासूनचे आहे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि त्याच्या पोटात निकेल-कॅडमियमचे १६ सेल बसवलेले होते. हे यंत्र तळहातावर मावेल एवढे व्हायचे तर त्याचा विद्युत्स्रोत हलका होणे अपरिहार्य होते. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून लिथियम-आयन बॅटरी सिद्ध झाली, १९९१ साली सोनी कंपनीने ती व्यापारी स्वरूपात बाजारात आणली, आणि तिच्या अगदी आरंभीच्या उपयोगांपैकी एक झाला तो हातात धरण्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात. मोबाइल, संगणक आणि मोटारगाड्या यांना आज चालवणारी ही विद्या आरंभीच चित्रणकलेच्या सेवेस रुजू झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. दरम्यान कॅमेऱ्यांचा व्यवसाय उत्कर्षाच्या शिखरावर पोहोचून खालीही आला होता: २०१० साली प्रामुख्याने जपानी कंपन्यांकडून जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले, आणि मोबाइलने त्यांची जागा घेतल्यानंतर २०२० साली ही संख्या एक कोटीच्याही खाली घसरली. हे कोट्यवधी कॅमेरे नष्ट झालेले नाहीत; त्यांपैकी फार मोठा भाग कुठल्या ना कुठल्या कपाटात आहे, आणि पुष्कळांच्या पोटात बॅटरी तशीच आहे.

वापराविना पडून राहिलेली बॅटरी निष्क्रिय असते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तिच्या आत एका बाजूस धातूच्या ऑक्साइडचा थर, दुसऱ्या बाजूस ग्राफाइटचा थर, आणि दोहोंमध्ये लिथियमचे क्षार विरघळलेला सेंद्रिय द्रव असतो. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर या द्रवाच्या विघटनातून एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार झालेला असतो आणि त्याच्या आधारानेच बॅटरीचे आयुष्य चालते. हा पापुद्रा कालांतराने जाड होत जातो, द्रवाचे विघटन मंदगतीने चालू राहते, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू निर्माण होतात. कॅमेरा बंद असला तरी त्यातील दिनांक आणि वेळ सांभाळणारे घड्याळ थोडीशी वीज ओढत असते, बॅटरीही आपोआप झिजत असते, आणि वर्षानुवर्षे ती तशीच राहिली की साधारणपणे ३.६ किंवा ३.७ व्होल्टवर काम करणाऱ्या सेलचा दाब सुरक्षित मर्यादेच्या खाली जातो. त्या अवस्थेत आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. आणि असा सेल कोणी उत्साहाने पुन्हा चार्जरला लावला तर अंतर्गत बिघाड आणि वायुनिर्मिती दोन्ही वेगाने वाढतात. पूर्ण चार्ज करून ठेवून देणे हेही उलट दिशेने तितकेच हानिकारक, कारण ४.२ व्होल्टच्या पूर्ण दाबाखाली द्रवाचे विघटन अधिक होते. सबब दीर्घकाळ ठेवायची बॅटरी अर्ध्याच्या आसपास चार्ज असावी, ती कॅमेऱ्याबाहेर असावी, आणि थंड, कोरड्या जागी असावी.

थंड जागेचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण आपल्याकडील उन्हाळा हा या प्रश्नाचा फार मोठा घटक आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि ताडोबाच्या जंगलात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता याच दिवसांत अधिक म्हणून छायाचित्रकारांची गर्दीही याच दिवसांत असते. उघड्या जीपमध्ये, काळ्या पिशवीत, उन्हात तापत पडलेल्या बॅटऱ्यांवर त्या काही दिवसांत जो परिणाम होतो तो थंड कपाटात कित्येक महिन्यांत होणार नाही. बंद मोटारीच्या समोरच्या फळीवर कॅमेरा ठेवून जेवायला उतरणारे लोक याहूनही अधिक नुकसान करून घेतात.

वायू निर्माण झाला म्हणजे बॅटरी कोणत्या दिशेने फुगते, हे तिच्या आकारावर अवलंबून असते. गोल, पोलादी कवचातील सेलचा दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जात असल्याने तो सहसा आकार बदलत नाही. परंतु लहान कॅमेऱ्यांत जे चपटे, पातळ ॲल्युमिनियमच्या डबीतील सेल असतात त्यांच्या दोन रुंद भिंती मध्यभागी बाहेर येतात. कप्पा बॅटरीच्या मापाला इतका नेमका बेतलेला असतो की एका मिलिमीटरहूनही कमी फुगवटा ती जखडून जाण्यास पुरेसा होतो. अडकण्याची इतरही कारणे असतात: मूळ कंपनीची नसलेली बॅटरी किंचित जाड असते, तिच्यावरील कागदी चिठ्ठी सुटून घडी पडते, खटक्याची स्प्रिंग मोडते, किंवा बॅटरी उलट्या बाजूने रेटून बसवलेली असते. साधे, पेन्सिल सेल वापरणाऱ्या कॅमेऱ्यांत तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून पांढरी खरपुडी धरते आणि सेल स्प्रिंगला चिकटून बसतो; तेथे कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन ती हळूहळू विरघळवणे हा सोपा इलाज आहे. परंतु या सर्व कारणांत जीवावर बेतणारे कारण एकच, आणि ते म्हणजे फुगलेला लिथियमचा सेल.

असा सेल कसा काढावा, हे पुण्याच्या बुधवार पेठेत एका वृद्ध कारागिराला प्रत्यक्ष काढताना पाहण्याचा योग मला आला. जुन्नरकडील एका शिक्षिका वडिलांच्या एकसष्टीचे फोटो ज्यात होते तो कॅमेरा घेऊन आल्या होत्या. झाकणाच्या कडेवर ओरखडे होते.

“ताई, याला सुरी कुणी लावली?” कारागिराने विचारले.

“भावानं. निघेचना, काका.”

“पुन्हा लावू देऊ नका. आत पातळ पत्रा असतो. टोक घुसलं की घरातल्या घरात पेट घेईल. फोटो कुठं जात नाहीत, ते कार्डात आहेत. आधी कार्ड काढून तुमच्या हातात देतो, मग बॅटरीचं बघू.”

त्यांनी प्रथम बॅटरीच्या शेजारील खाचेतील कार्ड बोटाने दाबले, ते वर उचलले गेले, आणि कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी ते त्या बाईंच्या स्वाधीन केले; तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरील चिंता निम्मी उतरली. नंतर कॅमेऱ्याची काच खाली येणार नाही अशा बेताने तो दुमडलेल्या कापडावर आडवा ठेवून, लाकडी काडीने खटका मागे दाबून धरून, त्यांनी बॅटरीच्या दिसणाऱ्या टोकावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा नखाने घासून घासून पक्का चिकटवला आणि त्याचे दुसरे टोक दुमडून पकडण्याजोगा फास केला. बॅटरी आणि कप्प्याची भिंत यांच्यामध्ये त्यांनी पातळ प्लॅस्टिकची एक पट्टी सरकवली, तीही फुगवट्याच्या रुंद बाजूने नव्हे तर अरुंद बाजूने. आणि मग चिकटपट्टीचा फास सरळ रेषेत, तिरका होऊ न देता, ते अतिशय मंद गतीने ओढू लागले. दोनदा चिकटपट्टी निघाली. दोन्ही वेळा त्यांनी बॅटरीचे टोक स्पिरिटने पुसून नवी पट्टी लावली. अखेरीस केसाएवढी, मग नखाएवढी, असे करीत ती बॅटरी वर आली, आणि अंगठ्याच्या चिमटीत येताच त्यांनी ती बाहेर काढून, तिचे स्पर्शबिंदू चिकटपट्टीने झाकून, वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. संपूर्ण क्रियेत बळाचा वापर असा कुठेच झाला नाही. झाला तो निरीक्षणाचा आणि संयमाचा. अशा कारागिरांच्या ज्ञानाची नोंद कुठल्याही दफ्तरात नाही आणि त्यांच्या कामाला कसलीही मान्यता नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. मुंबईच्या बोरा बाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर अशी जी माणसे आजही काम करीत आहेत, ती गेल्यावर ही विद्या कोण शिकवणार?

घरी प्रयत्न करू इच्छिणाऱ्यांनी याच क्रमाने, परंतु अधिक सावधपणे वागावे. कॅमेरा बंद करावा. चार्जर किंवा वायर जोडलेली असल्यास ती काढावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. धातूचे कोणतेही हत्यार कप्प्यात घालू नये. तेल किंवा वंगण सोडू नये, कारण ते आतील नाजूक पट्ट्यांवर आणि भिंगापर्यंत पसरते. फ्रीजमध्ये ठेवले की वायू आकुंचन पावून बॅटरी सुटते असे काही जण सांगतात. परंतु बाहेर काढताच कॅमेऱ्याच्या आत दव धरते आणि एका दोषाच्या जागी दोन उत्पन्न होतात, म्हणून तो उपाय मला मुळीच मान्य नाही. गरम करणे तर सरळ आगीला निमंत्रण आहे. तळहातावर कॅमेरा हलकेच आपटणे चालेल, टेबलाच्या कडेवर आपटणे चालणार नाही. बॅटरी हाताला ऊन लागत असेल, सूं असा आवाज येत असेल, किंवा गोडसर, रासायनिक वास येत असेल तर सर्व प्रयत्न तत्काळ थांबवून कॅमेरा घराबाहेर, उघड्या फरशीवर किंवा मातीवर, माणसांपासून आणि ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवावा. त्या प्रसंगी छायाचित्रांची आशा सोडावी लागली तरी सोडावी.

चिकटपट्टीने बॅटरी निघाली नाही तर पुढची पायरी म्हणजे कॅमेऱ्याचे स्क्रू काढून कप्प्याची भिंत मोकळी करणे. आणि येथे मी वाचकांना निक्षून सांगेन की ही पायरी घरी ओलांडू नका. फ्लॅश असलेल्या प्रत्येक लहान कॅमेऱ्यात एक विद्युत्संचायक असतो, ज्याला कारागीर कपॅसिटर म्हणतात. फ्लॅशचा लखलखाट व्हावा म्हणून त्यात सुमारे ३०० व्होल्टचा दाब साठवलेला असतो, आणि कॅमेरा बंद केल्यानंतरही तो बराच काळ टिकून राहू शकतो. बोटाएवढ्या त्या नळीला अनवधानाने स्पर्श झाला तर बसणारा धक्का तीव्र असतो. जाणकार कारागीर तो प्रथम योग्य रोधाच्या साहाय्याने रिकामा करतो आणि मगच पुढील कामाला हात लावतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या ट्रान्झिस्टरच्या किंवा टेप-रेकॉर्डरच्या मागचे झाकण ज्यांनी उघडले आहे त्यांना आठवेल की सेलच्या कप्प्यात तळाशी एक अरुंद कापडी फीत असे. सेल तिच्यावर बसवायचे, तिचे टोक वर राहू द्यायचे, आणि सेल काढायची वेळ आली की ते टोक ओढले म्हणजे ते आपोआप वर येत. बहुतेक वेळा ती लाल किंवा काळी असे, तिच्या मोकळ्या टोकावर दोन टाके घातलेले असत, आणि तिच्यासाठी निर्मात्याला जो खर्च येई तो नगण्य होता. त्या फितीमागे एक विचार होता: सेल कधीतरी फुगेल, पाझरेल, चिकटेल, आणि त्या दिवशी ज्याच्या हातात ही वस्तू असेल त्याला काहीतरी धरायला मिळाले पाहिजे. आजच्या चपट्या बॅटरीच्या कप्प्यातून ही फीत नाहीशी झाली आहे. तिच्या जागी एक स्प्रिंग आली, जी निरोगी बॅटरीला झटकन वर फेकते आणि आजारी बॅटरीपुढे सर्वस्वी निरुपयोगी ठरते.

निर्मात्यांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती मी डावलू इच्छित नाही. कॅमेरा लहान आणि पातळ असावा अशी ग्राहकांचीच मागणी होती. कप्पा सैल ठेवला तर बॅटरी हलून स्पर्शबिंदू सुटतात आणि चित्र घेता घेता कॅमेरा बंद पडतो. धूळ आणि पाणी आत शिरू नये म्हणून बांधणी घट्ट ठेवावी लागते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु फीत बसवण्यास मिलिमीटरचा अंशही लागत नाही, आणि कप्प्याच्या रुंद भिंतीत मधोमध उथळ खोलगट भाग ठेवला तर बॅटरी कडांवर पक्की बसूनही मधल्या फुगवट्याला जागा राहते. चपटा सेल कालांतराने फुगतो हे निर्मात्यांना अज्ञात नाही. आतच बसवलेल्या बॅटरीच्या यंत्रांचे आराखडे करताना त्या फुगवट्यासाठी मोकळी जागा राखण्याची पद्धत या व्यवसायात प्रचलित आहे. मग जी बॅटरी ग्राहकाने स्वतःच्या हाताने शेकडो वेळा आतबाहेर करायची, तिच्याच कप्प्यात ही सवलत का नसावी? कॅमेरा विकत घेतल्याच्या पहिल्या दिवशीचा विचार बारकाईने केला जातो, दहाव्या वर्षाचा केला जात नाही. आणि दहाव्या वर्षीही ती वस्तू कुणाच्या तरी घरात असतेच, हे विसरले जाते.

याच्याच जोडीला सुट्या बॅटऱ्यांच्या उपलब्धतेचा प्रश्न येतो. एखाद्या नमुन्याचे उत्पादन थांबले की काही वर्षांत त्याची अस्सल बॅटरी मिळेनाशी होते आणि ग्राहक नाइलाजाने, नाव ना गाव अशा बॅटरीकडे वळतो. आपल्या देशात हातात बाळगण्याच्या यंत्रांतील लिथियम बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून, बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. खरेदी करताना हा छाप पाहावा, आणि तो नसेल तर कितीही स्वस्त असली तरी ती बॅटरी घेऊ नये, असे मी आग्रहपूर्वक सांगेन. परंतु अस्सल वस्तू बाजारात ठेवलीच नाही तर केवळ ग्राहकाच्या सावधगिरीने काय साधणार?

युरोपीय संघाने या बाबतीत जे पाऊल उचलले आहे ते अनुकरणीय आहे. २०२३ साली तेथे मंजूर झालेल्या बॅटरीविषयक विनियमानुसार, हातात बाळगण्याच्या यंत्रांतील बॅटरी सामान्य ग्राहकाला बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांनी काढता आणि बदलता आली पाहिजे, असे बंधन काही अपवाद वगळता १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरले. शिवाय त्या नमुन्याची अखेरची प्रत बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे सुटी बॅटरी वाजवी किमतीत उपलब्ध ठेवावी, अशीही तरतूद त्यात केली गेली. फ्रान्सने २०२१ सालच्या प्रारंभापासूनच काही विद्युत् यंत्रांवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहने आणि शेतीची अवजारे ही चार क्षेत्रे त्यात समाविष्ट केली. हा उपक्रम स्वागतार्ह आहे; तथापि माहिती मिळण्याची सोय आणि सुटा भाग पुरवण्याचे कायदेशीर बंधन यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढल्याखेरीज जुन्नरच्या त्या शिक्षिकेला दाद मागण्यास जागा मिळणार नाही. भारतीय मानक ब्युरोने बॅटरीच्या गुणवत्तेचे मानक जसे सक्तीचे केले तसे बॅटरीच्या कप्प्याचेही करावे: त्यात फीत किंवा तत्सम ओढण्याचे साधन असावे, फुगवट्यासाठी मोकळी जागा असावी, आणि अडकलेली बॅटरी कशी काढावी याची सूचना माहितीपुस्तिकेत ग्राहकाला समजेल अशा भाषेत असावी. ग्राहक संघटनांनी आणि मराठी भाषक खासदारांनी ही मागणी लेखी स्वरूपात मंत्रालयापुढे मांडावी, अशी माझी विनंती आहे.

बॅटरी बाहेर निघाल्यानंतर तिचे करायचे काय, हा शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, त्या जमिनीत गाडण्यास आणि जाळण्यास मनाई केली, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याचे कर्तव्य ग्राहकावर सोपवले. त्याआधी २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती आणि शहराच्या दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्रामागे अशा कचऱ्याचे एक संकलन केंद्र असावे असे फर्मावले होते. नियम उत्तम आहेत. अंमलबजावणीची स्थिती जाणून घ्यायची असेल तर वाचकांनी आपल्या जवळचे केंद्र कुठे आहे हे शेजाऱ्यांना विचारून पाहावे. ते कुणाला सांगता येत नाही म्हणून फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात पडते, कचरागाडीच्या यांत्रिक दाबाखाली चिरडली जाते, आणि तिच्यातून उठणाऱ्या आगीची झळ बसते ती सफाई कामगाराला, ज्याने ती बॅटरी कधी विकत घेतलेली नसते आणि तिच्या बळावर काढलेले एकही चित्र पाहिलेले नसते.

याला मोठ्या निधीची आवश्यकता नाही. महानगरपालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात, नगरपरिषदेच्या कचेरीत आणि तालुक्याच्या ठिकाणी पंचायत समितीच्या आवारात, सावलीच्या जागी, कोरड्या वाळूने भरलेले एक झाकणाचे, परंतु हवाबंद नसलेले पात्र ठेवावे. कॅमेरे आणि मोबाइल विकणाऱ्या दुकानदारांना असेच पात्र ठेवणे परवान्याच्या अटींत बंधनकारक करावे. आणि ठरावीक मुदतीने ते उचलून अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोहोचवण्याचा खर्च, नियमांत नमूद केल्याप्रमाणे, उत्पादकांकडून वसूल करावा. त्या पात्राशेजारी ठळक मराठी अक्षरांत फलक असावा, आणि फुगलेली बॅटरी टोचू नये, तिचे स्पर्शबिंदू चिकटपट्टीने झाकावेत, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न आणता वाळूच्या डब्यात आणावी, आणि ती कॅमेऱ्यातून निघत नसेल तर कॅमेऱ्यासकट आणावी, एवढा मजकूर त्यावर असावा.